जुने गोवे आणि तिथलं से कॅथेड्रल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडीत राहणाऱ्याला गोव्याची चौकशी चुकत नाही. मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्याची आत्या, ठाण्याचे मेहुणे, बेळगावची मैत्रीण असे एकेकाचे फोन सुरू होतात आणि प्रश्नही ठरलेलेच असतात. दर वेळी फोनवर अर्धा तास घालवण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढलं. पाहुण्यांना घेऊन आजवर किती खेपा झाल्या ते मोजलेलं नाही, पण कंटाळा अजून आलेला नाही.

जुने गोवे म्हणजे नक्की कुठलं गाव? तिथं समुद्र तर दिसतच नाही!

नाही दिसत. जुने गोवे मांडवीच्या दक्षिण काठावर आहे, पणजीपासून ९-१० किलोमीटर वरच्या अंगाला. पण इथली मांडवी म्हणजे खाडीच समजा. भरती-ओहोटी जाणवते, पाणी मचूळ, काठाला खारफुटी. समुद्रातली जहाजं भरतीबरोबर आत येऊन इथं नांगर टाकत, आणि शत्रूची जहाजं नदीच्या तोंडाशीच किल्ल्यांवरून अडवता येत. बंदराला आणखी काय हवं? आधी आदिलशाहीने ते वापरलं, मग २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्कने ते जिंकलं. तो दिवस ख्रिस्ती पंचांगात अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा. पुढे बांधलेलं कॅथेड्रल तिलाच वाहिलेलं आहे ते यामुळे.

गावाचं जुनं नाव एला. कोकणीत आज 'पोरणें गोंय' म्हणतात. भरभराटीच्या काळात पोर्तुगीजांत अशी म्हण होती की ज्याने गोवे पाहिलं त्याला लिस्बन पाहायची गरज नाही. आज तिथं उभं राहून ही म्हण आठवली की हसू येतं, कारण चर्च सोडून शहर असं काही उरलेलंच नाही. ते कुठं गेलं, ते पुढे सांगते.

कसं जायचं?

पणजीच्या कदंबा बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या बहुतेक बस जुन्या गोव्यावरून जातात. अर्धा तास धरा. रायबंदरच्या बांधावरून जाणारी बस मिळाली तर डावीकडच्या खिडकीत बसा, नदी सोबतीला राहते. हा बांधसुद्धा १६३० च्या दशकातला आहे बरं का, आणि अजून त्यावरून वाहतूक चालते.

रेल्वेने येणार असाल तर करमळी स्टेशन जुन्या गोव्यापासून जेमतेम २ किलोमीटरवर आहे. मुंबईकर सवयीने मडगावला उतरतात आणि मग तासभर उलटे येतात. तुमची गाडी करमळीला थांबते का ते तिकीट काढतानाच बघा.

किती वेळ ठेवावा? आमच्या टूरवाल्यांनी ४० मिनिटं दिली आहेत.

४० मिनिटांत स्वच्छतागृहाची रांग आणि एक ग्रुप फोटो होतो. आमच्या आत्याला अशाच एका बसने इथं उतरवलं होतं. त्या गर्दीत तिने एकच चर्च पाहिलं आणि घरी जाऊन ते कॅथेड्रल म्हणून सगळ्यांना सांगितलं. पाहिलं होतं रस्त्यापलीकडचं बॉम जेझस चर्च.

सकाळचे ४ तास ठेवा. दिवस काढता आला तर उत्तमच. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे, बॉम जेझसचं पश्चिमेला. म्हणून सकाळी से आणि उतरत्या उन्हात बॉम जेझस. त्या वेळी त्याचा लाल चिरा असा काही तापल्यासारखा दिसतो की फोटो आपोआप चांगला येतो.

सुरुवात कुठून करावी?

या एका प्रश्नावर मी हट्टी आहे. गाड्या जिथं लागतात तिथून नव्हे, नदीपासून सुरुवात करा. पार्किंगमधून चालत गेलं की दोन मोठी चर्च समोरासमोर दिसतात, मधून रस्ता जातो आणि सगळं एखाद्या बागेत मांडून ठेवल्यासारखं वाटतं. हे शहर पाण्याकडून यायचं म्हणून बांधलं होतं. पाठमोऱ्या माणसाशी बोलावं तसं उलट्या बाजूने त्याच्याकडे जाऊ नये.

दिवाडीच्या फेरीबोटीचा धक्का आहे, तिथं जा आणि नदीकडे पाठ करून उभे राहा. समोर व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथं व्हाइसरॉय असताना १६ व्या शतकाच्या अगदी शेवटी ती बांधली. नदीच्या बाजूला पणजोबांचा पुतळा बसवलेला आहे. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की समारंभाने या कमानीखालून शहरात शिरायचा. मूळ कमान ढासळली. आज दिसते ती १९५४ साली पुन्हा उभी केलेली. कमानीतून पलीकडे गेल्यावर मागे वळून बघायला विसरू नका. शहराच्या बाजूला एक स्त्री हातात तलवार घेऊन पायाखाली पडलेल्या माणसावर उभी आहे. पडलेला माणूस कोण, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तिथून सरळ चालत गेलात की डावीकडे सेंट कॅजेटनचा घुमट दिसतो. इटलीहून आलेल्या थिएटाइन पाद्रींनी रोमचं सेंट पीटर्स डोळ्यासमोर ठेवून ते बांधलं. आत घुमटाच्या बरोबर खाली चौथरा आहे आणि त्याखाली विहीर. तिथं पूर्वी देवळाची तळी होती, असंही म्हणतात. चर्चजवळच पायऱ्या चढून जाताच एक एकाकी दरवाजा लागतो: दोन काळे खांब आणि वर आडवी शिळा. आदिलशहाच्या वाड्याचं एवढंच उरलं. १५५४ पासून १६९५ पर्यंत या वाड्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहत होते. खांबांवरचं नक्षीकाम बोटाने चाचपून बघा, घडण आपल्याकडची आहे. मुसलमान सुलतानाच्या वाड्याला हिंदू कारागिरीचे खांब आणि आत राहणारा पोर्तुगीज. गोव्याचा अर्धा इतिहास त्या चौकटीत उभा आहे, आणि बहुतेक लोक तिला टेकून चिप्स खात असतात.

मग पुढे कॅथेड्रल.

'से' म्हणजे काय? आणि चर्च, कॅथेड्रल, बॅसिलिका यांत फरक काय?

आपल्याकडे 'पीठ' म्हणतात ना, शारदापीठ, शंकराचार्यांचं पीठ, तोच अर्थ. 'से' हा पोर्तुगीज शब्द लॅटिनमधल्या आसनवाचक शब्दावरून आला, आणि 'कॅथेड्रल' हा ग्रीकमधल्या खुर्चीवाचक शब्दावरून. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन आहे ते कॅथेड्रल. मग ते लहान असो की मोठं. गोव्याच्या बिशपला १५५७ मध्ये आर्चबिशपचा दर्जा मिळाला आणि पूर्व आफ्रिकेपासून जपानपर्यंतचा कारभार या एका खुर्चीखाली आला.

बॅसिलिका ही पोपने दिलेली पदवी. बॉम जेझसला ती १९४६ साली मिळाली. म्हणजे प्रसिद्धीने बॉम जेझस मोठं, अधिकाराने से मोठं. कोकणीत साध्या चर्चला इगर्ज म्हणतात आणि छोट्याला कोपेल. हे दोन शब्द लक्षात ठेवलेत तर गोव्यात पत्ता विचारणं सोपं जातं.

से कॅथेड्रलला एकच बुरूज का?

दोन होते. उत्तरेकडचा, म्हणजे तुम्ही दाराकडे तोंड करून उभे राहिलात तर उजव्या हाताचा, १७७६ साली कोसळला आणि परत बांधला नाही. तोवर शहराची रयाच गेली होती. पैसा नव्हता आणि बांधायचा तरी कुणासाठी? त्यामुळे आज इमारत एका खांद्याने झुकल्यासारखी दिसते. माझा मुलगा लहानपणी तिला 'एक दात पडलेली आजी' म्हणायचा.

आत काय बघायचं? आमच्यासारख्यांना चर्चमधलं काही कळत नाही.

आधी काही बघू नका. दारातून आत गेल्यावर दहा पावलं चालून नुसते थांबा आणि छताकडे बघा. आतली थंडी जाणवू द्या. इमारतीची लांबी २५० फूट, रुंदी १८१ फूट, दर्शनी भिंतीची उंची ११५ फूट. काम १५६२ मध्ये राजा सेबास्तियाँवच्या काळात सुरू झालं, मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली आणि वेद्या १६५२ पर्यंत चालल्या. ९० वर्षं. ज्या गवंड्याने पाया भरला त्याच्या पणतवंडांनी सोन्याचा मुलामा पाहिला असेल.

आता सरळ पुढे, मुख्य वेदीकडे. सोनेरी लाकडी भिंतच आहे ती. तिच्यावर संत कॅथरीनची गोष्ट चौकटीचौकटींत कोरलेली आहे. पंढरपूरच्या वाटेवरच्या कीर्तनकाराने कथा लावावी तशी ती वाचायची. कॅथरीन राजघराण्यातली, विदुषी, रोमन बादशहाच्या पंडितांना वादात हरवते, मग छळ, खिळे लावलेलं चाक, आणि शेवटी शिरच्छेद. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला कथा समजावी हाच या चित्रांचा उद्देश होता, त्यामुळे 'आम्हाला कळत नाही' म्हणायचं कारण नाही.

दोन्ही बाजूंना छोट्या प्रार्थनाखोल्या आहेत. त्यातल्या एकीला जाळीदार लाकडी पडदा आहे आणि आत एक क्रूस, चमत्कारांचा क्रूस. १६१९ मध्ये त्यावर ख्रिस्ताचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे. क्रूस वाढतो असंही लोक मानतात. आपल्याकडे स्वयंभू मूर्ती तिळातिळाने वाढते म्हणतात, तसंच. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी जराही आश्चर्य न दाखवता हात जोडले.

दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे, १५३२ चं, म्हणजे या इमारतीपेक्षाही जुनं. त्याच्याजवळच खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणाऱ्या संत क्रिस्टोफरचं मोठं चित्र आहे. बाळाला खांद्यावर घेऊन नदीत उतरलेला माणूस, पाणी चढतंय, ओझं वाढतंय. वसुदेव आठवल्याशिवाय राहत नाही.

सोन्याची घंटा खरंच सोन्याची आहे का?

नाही. एका वाटाड्याने आमच्या देखत एका कुटुंबाला सांगितलं की आत २ मण सोनं आहे. त्यातल्या काकांनी लगेच भाव काढायला मोबाइल काढला. 'सीनु द ओरु', म्हणजे सोन्याची घंटा, हे नाव तिच्या नादाला दिलेलं आहे. उरलेल्या बुरुजात ती आहे आणि गोव्यातली सर्वांत मोठी घंटा म्हणून ओळखली जाते.

तुम्ही नाशिकचे असाल तर नारोशंकराची घंटा आठवा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी देवळांत आणून बांधल्या. नारोशंकराची त्यातलीच, मेणवलीची आणि भीमाशंकरची घंटाही त्याच घराण्यातली. म्हणजे पोर्तुगीज घंटेचा नाद मराठी कानांना नवा नाही.

सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव कॅथेड्रलमध्ये आहे ना?

एरवी नाही. ते समोर बॉम जेझसमध्ये, उंचावर चांदीच्या पेटीत आहे. झेवियर हे पोर्तुगीजांच्या मुलखात धर्मप्रसार करणारे पाद्री; ते ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर वारले, शव १५५४ मध्ये गोव्यात आलं. पेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराचा, टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने पाठवलेला. तो १६९८ मध्ये इथं बसवला. पेटी मात्र गोव्याच्या सोनारांच्या हातची, १६३० च्या दशकातली. इटालियन संगमरवर सगळे बघतात, पण मान वर करून आपल्या सोनारांचं काम बघा.

दर १० वर्षांनी शव खाली काढून से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात. नुकतं झालं ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. म्हणजे आता ज्यांना पेटीच्या अगदी जवळ जायचं आहे त्यांनी २०३४ कडे डोळे लावावेत.

से पांढरं आणि बॉम जेझस लालभडक. असं का?

दोन्ही जांभ्याचीच. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आपली घरं त्याच चिऱ्याची. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कडक होतो, पण त्याच्या अंगभर भोकं. पावसाळ्यात तो स्पंजासारखा पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि वर दरवर्षी सफेदी. जुन्या गोव्यातली सगळी चर्च मुळात पांढरी होती.

बॉम जेझसचा गिलावा १९५० च्या दशकात उतरवला. जुनं वाटावं, दगड दिसावा, अशी तेव्हाची कल्पना. दिसतं छान, हे मान्य करावंच लागेल, आज गोवा म्हटलं की पोस्टरवर तेच लाल चर्च असतं. पण ७० पावसाळे त्या उघड्या चिऱ्याने अंगावर झेललेत. जवळ जाऊन बघा, कडा गोलावल्यात, काही ठिकाणी बोट लावलं तर लाल भुकटी बोटाला लागते (बोट लावू नका, मी लावलेलं आहे म्हणून सांगते). गिलावा परत करावा की नाही यावर बरीच वर्षं वाद आहे. माझं मत विचाराल तर, करावा. पोस्टरं बदलता येतात.

दर्शनी भागावरचं काळ्या दगडातलं कोरीवकाम मात्र जांभ्याचं नाही. जांभ्यात नाजूक नक्षी टिकत नाही, म्हणून बेसॉल्ट लागला आणि तो आला वसईहून, गलबतातून. वसईचे कुणी सोबत असतील तर त्यांना तिथं उभं करून फोटो काढा.

संभाजी महाराज जुन्या गोव्यापर्यंत आले होते, हे खरं आहे का?

अगदी जवळ आले होते. नोव्हेंबर १६८३. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि मार खाऊन परतला. मग मराठ्यांनी एका रात्री ओहोटीच्या वेळी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुवे म्हणजे आजचं सांतु एस्तेव्ह, मांडवीतलं बेट, राजधानीपासून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी तो परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जखमी झाला, चिखलापाण्यातून कसाबसा निसटला. शहरात हाहाकार.

तेव्हा तो बॉम जेझसमध्ये गेला, झेवियरची पेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड त्या शवाच्या हाती दिला. आता राज्य तुम्हीच सांभाळा, म्हणून. पुढे मोगल शाहजादा फौज घेऊन कोकणात उतरला आणि महाराजांना मोहीम सोडून वळावं लागलं. पोर्तुगीजांनी श्रेय संताला दिलं, मराठी बखरकार ते मोगलांना देतील. पेटीसमोर रांगेत उभे असताना ही गोष्ट मुलांना सांगा, मग ती रांगेत चुळबुळ करत नाहीत.

इन्क्विझिशन, देवळांची मोडतोड, एवढं सगळं झालेल्या ठिकाणी आपण कौतुकाने कशाला जायचं?

हा प्रश्न फोनवर विचारला जात नाही, तिथं पोचल्यावर हळू आवाजात विचारला जातो. साहजिक आहे. बरेच गोमंतकीय आणि कोकणातली कितीतरी घरं यांचं कुलदैवत मंगेशी किंवा शांतादुर्गा. हे देव आधी दुसरीकडे होते. मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, १५६० च्या सुमारास नदी ओलांडून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. समोरच्या दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं गेलं, लिंग पलीकडच्या नार्व्याला नेलं आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. त्याची कचेरी कॅथेड्रलजवळच्या चौकातच होती. कोकणीत लोक तिला 'व्हडलें घर' म्हणत, मोठं घर, आणि ते नाव घेतानाही आवाज खाली जायचा. आज तिथं इमारत नाही, नुसतं गवत.

मी जाते. याच शहरात १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना सुरू झाला. इथं राहून भारतीय औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या गार्सिया द ओर्ताची हाडं त्याच्या मृत्यूनंतर, तो मूळचा ज्यू म्हणून, १५८० मध्ये उकरून जाळली. छापखाना आणि जाळलेली हाडं, दोन्ही एकाच गावची. चर्चसमोर हात जोडणारा गोवेकर ख्रिस्ती माणूस आपल्याच मातीतला आहे, आणि कितीतरी हिंदू झेवियरला 'सायब' म्हणून नवस बोलतात, हेही तिथंच दिसतं. ज्याचं मन घेत नाही त्याने सरळ मंगेशीला जावं. दोन्ही करायचं असेल तर सकाळी जुने गोवे, दुपारनंतर बाणस्तारीचा पूल ओलांडून मंगेशी आणि कवळे. देव ज्या वाटेने गेले त्याच दिशेने तुमची गाडी जाते.

मग एवढं मोठं शहर गेलं कुठं?

रोगराईने खाल्लं. पटकी, हिवताप, दलदल, विहिरींचं दूषित पाणी. व्हाइसरॉय १६९५ मध्ये पणेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीला. श्रीमंत त्याच्या मागे गेले. १८३५ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने मठवासी पाद्रींचे सगळे पंथ बंद केले, मठ ओस पडले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. रिकाम्या घरांचे चिरे आणि लाकूड काढून लोकांनी दुसरीकडे घरं बांधली. कमानीपासून कॅथेड्रलपर्यंत आज तुम्ही ज्या हिरवळीवरून चालता तिथं सराफ, घोड्यांचे व्यापारी, लिलाव करणारे यांची 'सरळ रस्ता' नावाच्या मुख्य रस्त्यावर गर्दी असे. चर्च उरली कारण देवाचं घर पाडायला हात धजत नाही. बाकीचं शहर शेजारच्या गावांच्या भिंतींत गेलं.

टेकडी चढायची का? गुडघे दुखतात.

मोंते सांतोची चढण फार नाही, आणि वरपर्यंत गाडी जाते. चढाच. सेंट ऑगस्टीनचा तुटका बुरूज, ४६ मीटर उंच, चिऱ्यावर चिरा रचलेला. छप्पर १८४२ मध्ये पडलं, दर्शनी भिंत १९३१ मध्ये. इथं जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष पुरलेले होते. १६२४ मध्ये इराणात शिराझला तिला ठार केलं आणि ऑगस्टीनियन पाद्रींनी तिची काही हाडं इथं आणली. पुरातत्त्व खात्याने २००४ मध्ये ती उकरली, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासला आणि जुलै २०२१ मध्ये भारताने अवशेष जॉर्जियाला दिले. कुठली राणी, कुठं मेली, कुठं पुरली, आणि ओळख पटली हैदराबादेत.

शेजारीच रोझरीच्या चर्चमध्ये दोना कातारीना, म्हणजे गव्हर्नर गार्सिया द सा याची बायको, हिचं संगमरवरी स्मारक आहे, नक्षी चक्क गुजराती वळणाची. शांत जागा, सहसा कुणी नसतं.

तिकीट, कपडे, फोटो?

चर्चमध्ये प्रवेशाला पैसे नाहीत. असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या (हे झेवियर नव्हेत) मठातल्या पुरातत्त्व संग्रहालयाला तिकीट आहे आणि ते शुक्रवारी बंद असतं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. समुद्रावरून तसेच आलेल्यांना दारातून परत पाठवताना पाहिलंय. रविवारी सकाळी मिसा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना असतात, तेव्हा पर्यटक म्हणून जाऊ नका. फोटोचे नियम दारावरच्या फलकावर असतात. वेदीकडे पाठ करून सेल्फी काढणं फलक नसला तरी बरं दिसत नाही.

बाहेर मेणाचे हातपाय विकतात ते काय असतं?

नवस. ज्या अवयवाचं दुखणं, तो अवयव मेणाचा घेऊन वाहायचा. हात, पाय, डोळे, बाळ, घरसुद्धा मिळतं. माझ्या सासूबाईंचा गुडघा तेव्हा फार दुखत होता, आणि देव कुणाचाही असो, नवसाला त्यांचा विरोध नसतो. त्यांनी टोपलीतला पाय उचलला तशी विकणारी बाई म्हणाली, "उजवो काय दावो?" सासूबाईंनी पाय उलटासुलटा करून अंगठा कुठल्या बाजूला आहे ते नीट तपासलं, ठेवला, दुसरा घेतला. मग घासाघीसही केली. गुडघ्याला पुढे आराम पडला. त्या श्रेय डॉक्टरांना देतात आणि मेणवालीलाही.

फेस्ताला यावं का?

फेस्त म्हणजे झेवियरचा उत्सव, ३ डिसेंबरला. त्याआधी ९ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना. चर्च निवांत बघायची असतील तर मुळीच येऊ नका. जत्रा बघायची असेल तर नक्की या: खाजं, खडखडे लाडू, भांडी, कपडे, चणेवाले. सावंतवाडीच्या जत्रेसारखंच, फक्त दशावताराच्या जागी मिसा. कर्नाटक-महाराष्ट्रातून दिवसेंदिवस चालत येणारे भाविकही असतात. त्यांना वारकरी म्हटलं तर वावगं होणार नाही.

खायचं कुठं?

चर्चच्या आसपास साधी हॉटेलं आहेत. भाजीपाव, मिरची, चहा यात फसगत होत नाही. पूर्ण जेवण पणजीत किंवा फोंड्याच्या वाटेवर करा. पाणी सोबत ठेवा, दुपारी १२ नंतर त्या मोकळ्या मैदानात सावली नावालाच.

पावसात गेलं तर चालेल?

मला तर पावसातच आवडतं. गर्दी नसते, जांभ्यावर शेवाळ चढतं, ऑगस्टीनच्या पडक्या भिंतीतून नेचे डोकं काढतात. पायऱ्या भयंकर निसरड्या होतात, चांगली पकड असलेल्या चपला घाला. मोठी सर आली की कॅथेड्रलमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा. जाड भिंतींमुळे पावसाचा आवाज लांबून आल्यासारखा येतो.

सर ओसरली की धक्क्यावर जाऊन दिवाडीची फेरीबोट धरा. पाचेक मिनिटांचं पाणी. पण अर्ध्या नदीत पोचल्यावर मागे बघितलंत की कमान, तिच्या वर कॅजेटनचा घुमट आणि त्यामागे कॅथेड्रलचा उरलेला बुरूज असे एका ओळीत येतात. परतीची शेवटची बोट किती वाजता ते चढतानाच तांडेलाला विचारून ठेवा.